पाठ टाचण कारखान्यात हवं

मागच्या उन्हाळ्यात जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आग विझवण्याचं प्रशिक्षण होतं. पहिली पाळी नुकतीच सुटली होती. सकाळी सातपासून उभी असलेली माणसं कॅन्टीनच्या बाकांवर येऊन बसली. पडद्यावर इंग्रजी स्लाइड, बाहेरगावहून आलेले प्रशिक्षक माइक धरून बोलत होते आणि मस्टर या हातातून त्या हातात फिरत होतं. पन्नास मिनिटांत चाळीस सह्या झाल्या, चहा झाला, फोटो झाला. निघताना मी एका हेल्परला विचारलं, "दादा, तुमच्या मशीनजवळचं सिलिंडर कुठे आहे?" त्याने रेझिनच्या गोण्यांच्या थप्पीकडे बोट दाखवलं. थप्पीच्या मागे आहे, हे त्याला माहीत होतं. पण त्याची पिन कशी ओढायची, नळी कुठे धरायची, फवारा ज्वाळेवर मारायचा की बुडाशी, हे त्याने कधी हाताने करून पाहिलं नव्हतं. मी अजून सात-आठ जणांना विचारलं. एकानेही केलं नव्हतं.

त्या प्रशिक्षकांवर माझा राग नाही. त्यांना एक तास आणि चाळीस माणसं दिली होती, कारखाना फिरून बघायलाही वेळ दिला नव्हता. राग आहे तो एका समजुतीवर. सांगितलं म्हणजे शिकवलं, ही ती समजूत. दुसरीतल्या पोराला वाचता आलं नाही तर आपण शाळेत जाऊन बाईंना विचारतो. कारखान्यात मात्र तिशीतल्या माणसाला एकदा सांगून सोडून देतो, आणि त्याचं बोट गेलं की म्हणतो, "सांगितलं होतं त्याला."

कामाच्या जागी शिकवणं हे स्वतंत्र कसबाचं काम आहे. खानदेशात त्याला पद आणि पगार मिळाला पाहिजे. आणि ते करू शकतील अशी माणसं आपल्या तालुक्यातालुक्यांत आहेत, शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेऊन घरी बसलेली. एवढंच मला मांडायचं आहे, आणि ते मी माझ्या अनुभवावरून मांडते आहे.

२०१२ साली माझं डी.एड. झालं. त्याच वर्षी मे महिन्यात शासनाने शिक्षकभरती थांबवली. भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता चाचणी व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. या मधल्या वर्षांत आमच्या वर्गाचं काय झालं ते मी जवळून पाहिलं. कापसाच्या पैशातून फी भरलेली पोरं मोबाइलच्या दुकानात उभी राहिली, काही खासगी शिकवण्यांत दोन-तीन हजारांवर राबली, मुली लग्न होऊन गेल्या आणि त्यांची प्रमाणपत्रं माहेरच्या पेटीत राहिली. मी पुण्याला गेले. तिथे एका ई-लर्निंग कंपनीत मराठी-हिंदी मजकूर तपासण्याचं काम मिळालं. तीन-चार महिन्यांनी वरिष्ठांनी एक कोरा तक्ता हातात दिला आणि यात एक धडा बसव म्हणाल्या. तक्त्यात रकाने होते: शिकणाऱ्याचं लक्ष कसं वेधणार, उद्दिष्ट काय सांगणार, आधीचं ज्ञान कसं जागं करणार, आशय कसा मांडणार, सराव काय देणार, तपासणार कसं. मी तो तक्ता बघतच राहिले. प्रस्तावना, पूर्वज्ञान, हेतुकथन, विषय विवेचन, उपयोजन, मूल्यमापन. हे तर आमचं पाठ टाचण होतं, शिकवण्याआधी शिक्षकाने लिहायचा धड्याचा आराखडा. सराव पाठाच्या आदल्या रात्री कंदिलात तेल घालून लिहिलेलं.

या कामाला कंपन्यांत इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणतात. नाव ऐकून वाटतं की हे संगणकाचं काहीतरी आहे. मूळ मात्र संगणकाच्या आधीचं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लाखो नवख्या माणसांना थोड्या दिवसांत नेमकं काम शिकवायचं होतं, कारण जाणती माणसं लढाईवर गेली होती. वैमानिकांची निवड आणि तयारी यांवर तेव्हा काम केलेल्या रॉबर्ट गॅन्ये या मानसशास्त्रज्ञाने पुढे १९६५ साली शिकण्याच्या अटींची मांडणी केली. माझ्या हातात आलेल्या तक्त्याचे रकाने त्यातूनच उतरलेल्या नऊ पायऱ्यांतले होते. बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाचं शिकण्याच्या उद्दिष्टांचं वर्गीकरण १९५६ चं; डी.एड.ला आम्ही घोकलेलं ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हा त्याचाच आपल्याकडे रुळलेला अवतार. आज प्रत्येक मुलाखतीत विचारला जाणारा 'ॲडी' हा पाच टप्प्यांचा क्रम, म्हणजे विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन, १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा राज्य विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी तयार झाला.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती त्याच युद्धकाळातली कारखान्यांसाठीची योजना, 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'. १९४० ते १९४५ या काळात ती सोळा हजारांवर कारखान्यांत राबवली गेली आणि युद्धानंतर जपानने ती उचलली. तिची शिकवण्याची रीत चार पायऱ्यांची: माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर जाऊन बघत राहा. आणि तिचं घोषवाक्य होतं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या सराव पाठाच्या निरीक्षक बाई आठवल्या. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून त्या माझ्याकडे बघायच्याच नाहीत, पोरांच्या वह्या बघायच्या.

पुण्यात आठ वर्षं काढून मी परत आले. तिथलं काम चांगलं होतं, पगार वेळेवर होता. पण मी ज्यांच्यासाठी लिहीत होते ती माणसं मला कधी दिसली नाहीत. ओहायोतल्या गोदामात काम करणाऱ्या माणसासाठी मी जिने चढण्याच्या सुरक्षिततेवर पस्तीस स्क्रीन लिहिले आणि माझ्या मामाच्या डाळमिलमध्ये धुळीत खोकणाऱ्या माणसाला कोणी एक ओळ सांगत नव्हतं. हे मनातून जाईना.

आता खानदेशात असं काय आहे की इथे या कामाला जागा असावी? जळगावात पाइप आहेत, चटई आहे, डाळमिल आहेत, ठिबकचं साहित्य आणि केळीची टिश्यू कल्चर रोपं आहेत. रावेर-यावलकडे केळीची पॅकिंग हाउस आहेत. धुळ्याला यंत्रमाग आहेत, नंदुरबारला मिरची आहे, शिरपूरला सूतगिरणी आहे, भुसावळजवळ दीपनगरचं वीज केंद्र आणि आयुध निर्माणी आहे. या प्रत्येक ठिकाणी रोज कोणीतरी नवखा माणूस एखाद्या धोक्याच्या, महागड्या किंवा नाजूक कामाला पहिल्यांदा हात घालतो. त्याला शिकवतो कोण? शेजारी उभा असलेला, ज्याला स्वतःच्या कामातून मान वर करायला फुरसत नाही.

हे असंच चालतं असं कोणी म्हणणार असेल तर त्याने भुसावळला जाऊन यावं. तिथे मध्य रेल्वेची क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे. स्टेशन मास्तर होणारा माणूस तिथे राहतो, नियम शिकतो, मॉडेल रूममध्ये खोट्या गाड्या खऱ्या नियमाने सोडतो, परीक्षा देतो, आणि मगच त्याच्या हातात खरं स्टेशन येतं. पुढेही ठरावीक वर्षांनी त्याला रिफ्रेशरला यावं लागतं. भुसावळच्या घराघरांत "बाबा रिफ्रेशरला गेलेत" हे वाक्य लहान पोरही बोलतं. म्हणजे शिकल्याशिवाय कामावर सोडायचं नाही ही रीत खानदेशला परकी नाही. रेल्वे ती पाळते कारण तिथे चूक झाली तर माणसं मरतात. पाइप काढणाऱ्या एक्स्ट्रूडर मशीनवर चूक झाली तर एकाचाच हात भाजतो, म्हणून ती चालवून घ्यायची का?

पाइपच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं ते माल वाया जाण्यावरून. लाइट गेली की तिथे पंचाईत व्हायची. पाइपच्या प्लास्टिकचा, पीव्हीसीचा, स्वभाव असा की मशीनच्या गरम नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, तो थांबून राहिला की करपायला लागतो. तिखट वास सुटतो, डोळे चुरचुरतात, करपलेला माल डायमध्ये, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या साच्यात, चिकटतो आणि तो काढताना अख्खी पाळी जाते. लाइट परत आल्यावर मशीन सरळ चालू करायचं की डाय उघडून आधी माल काढायचा, एवढाच निर्णय. तो एकच माणूस बिनचूक घ्यायचा. बावीस वर्षं मशीनवर असलेला हा माणूस, सगळे त्याला बापू म्हणतात. त्याची रजा असली की नुकसान ठरलेलं. मी बापूंना विचारलं, तुम्ही ओळखता कसं? ते म्हणाले, "काय सांगू ताई, वास उना का नाकले समजी जास." वास आला की नाकाला समजतं.

इथून खरं काम सुरू झालं. या उत्तरावर अडकलेल्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत. त्या म्हणतात, "यांना सांगताच येत नाही," आणि मशीनच्या पुस्तकातून मजकूर उतरवून काढतात. पण जाणत्या माणसाला स्वतःचं ज्ञान सांगता येत नाही हीच तर या पेशाची मूळ अडचण आहे. ते त्याच्या हातात आणि नाकात उतरलेलं असतं, तोंडात आलेलं नसतं. मी चार रात्रपाळ्या बापूंच्या शेजारी उभी राहिले. लाइट दोनदा गेली. प्रत्येक वेळी ते हलले की मी एकच विचारत होते, "आत्ता काय बघितलंत?" हळूहळू निघालं. लाइट जाऊन किती वेळ झाला ते ते घड्याळात बघतात. त्या दिवशी कुठल्या मिश्रणाचा माल आहे ते गोणीवरून बघतात. मग वाकून डायच्या तोंडाशी थबकलेल्या मालाचा रंग बघतात. वास चौथा. नाक हे त्यांचं शेवटचं शिक्कामोर्तब होतं, पहिली खूण नव्हती. हे त्यांनाही त्या रात्रीच कळलं आणि ते बराच वेळ त्यावर बोलत राहिले.

यातून तयार झालं ते एक पान. डायच्या तोंडाचे तीन मोठे फोटो: राखाडी माल राखाडीच असलेला, कडेला पिवळट रेघ आलेला, आणि तपकिरी पडलेला. प्रत्येकाखाली काय करायचं याची एक ओळ मराठीत, एक हिंदीत. कारण हेल्परांत धरणगाव-पारोळ्याची पोरं होती, चोपड्याच्या डोंगरातले पावरा आदिवासी होते आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेलेही होते. पहिला मसुदा कार्यालयातून आला होता. त्यात होतं, "विद्युत पुरवठा खंडित झाल्यास यंत्रचालकाने उचित खबरदारी घ्यावी." आम्ही लिहिलं, "लाइट गेली? आधी घड्याळ बघा." आणि मग दर पंधरवड्याला लाइट गेल्याचा सराव सुरू झाला, पाच मिनिटांचा, मशीनशेजारीच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं किती झपाट्याने विसरलं जातं. वर्षातून एकदा कॅन्टीनमध्ये बसवलेल्या माणसाकडून आपण वर्षभराची आठवण मागतो, ते त्याच्यावर अन्यायाचं आहे.

केळीच्या पॅकिंगचं उदाहरण वेगळं आहे आणि मला जास्त शिकवून गेलं. घडाच्या फण्या सुटतात, चीक जावा म्हणून तुरटीच्या पाण्यातून निघतात, पुसून, वजन करून खोक्यात बसतात. बायांच्या हाताला वेग असतो. फणी धरताना नख लागतं. त्या वेळी हिरव्या सालीवर काहीही दिसत नाही. ओरखडा काळा पडतो तो केळी पिकल्यावर, म्हणजे समुद्रापार गेल्यावर. मालकाला तक्रार येते, मालक मुकादमावर ओरडतो, मुकादम बायांवर. पण ज्या बाईने ती फणी धरली तिने स्वतःच्या नखाचा परिणाम आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. तिला "नीट धरा" सांगून काय उपयोग? तिच्या डोळ्यांसमोर तिने नीटच धरलेलं असतं.

मी तिथे ना व्हिडिओ केला ना तक्ता. दोन फण्या घेतल्या. एक ज्येष्ठ मावशी कशी धरतात तशी देठाकडून धरली, दुसरी रोज धरतात तशी मधून. दोन्ही पिकवणीत ठेवल्या आणि पाच-सहा दिवसांनी त्याच बायांसमोर टेबलावर आणून ठेवल्या. दुसऱ्या फणीवर चार काळ्या चंद्रकोरी उठल्या होत्या. एक बाई पुढे आली, तिने आपली बोटं त्या चार खुणांवर ठेवून पाहिली. बरोबर बसली. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेकींनी नखं कापलेली होती. लांबचा परिणाम जवळ आणून दाखवणं, एवढीच त्यातली रचना. त्याला संगणक लागला नाही, पण विचार लागला, आणि विचार करायला दिलेला वेळ लागला. त्या वेळेचे पैसे द्यायला मालक आधी तयार नव्हते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मालकांचा असतो: माणूस टिकत नाही, शिकवलं की शेजारच्या कारखान्यात पाचशे रुपये जास्त घेऊन जातो. जातो, खरं आहे. पण न शिकवलेला माणूस थांबला तर तो जास्त महाग पडतो, हे कोणी हिशेबात धरत नाही. वाया गेलेला माल, बंद पडलेली पाळी, परत आलेलं कन्साइनमेंट, हे सगळं "नुकसान" या खात्यात जातं. प्रशिक्षणाचा खर्च मात्र वेगळा उठून दिसतो. शिवाय माणसं का जातात याचं एक कारण हेच आहे की पहिल्या महिन्यात त्यांना कोणी धड सांगत नाही आणि चुकलं की सगळ्यांदेखत बोलतात. मी ज्या पोरांशी बोलले त्यांतल्या अनेकांनी काम सोडण्याचं कारण पगार सांगितलं नाही, अपमान सांगितलं.

दुसरा आक्षेप, लहान कारखान्याला परवडत नाही. बरोबर, वीस माणसांच्या डाळमिलला पूर्ण वेळचा प्रशिक्षक परवडणार नाही. पण तिला पूर्ण वेळचा सीएदेखील परवडत नाही, आणि तरी सीए असतोच. दहा जणांत एक. असोसिएशन आहेत, एकाच गल्लीत एकाच मालाच्या मिल आहेत, सगळ्यांचे धोके तेच आणि मशीनंही थोड्या फरकाने तीच. दहा मिलनी मिळून एक माणूस ठेवावा.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि तो मला तरुण पोरं विचारतात: एआय आता एका मिनिटात कोर्स लिहून देतो, मग आम्ही यात का यावं? देतो, मीही वापरते. भाषांतराचा पहिला खर्डा, प्रश्नांचे पर्याय, आवाज देणं, ही कामं झपाट्याने त्याच्याकडे गेली आहेत आणि ज्यांचा पेशा फक्त पुस्तकातला मजकूर स्लाइडवर मांडण्याचा होता त्यांच्यावर खरंच गदा आली आहे. ते मी लपवणार नाही. पण बापू घड्याळाकडे बघतात हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. जे लिहिलेलंच नाही ते शोधून काढणं हे काम उरतं, आणि खानदेशातल्या कारखान्यांत बहुतेक ज्ञान न लिहिलेलंच आहे.

एक गोष्ट मालकांनी आणि या पेशात येणाऱ्यांनी दोघांनीही ऐकावी. प्रत्येक दुखण्यावर प्रशिक्षण हा उपाय नसतो. थॉमस गिल्बर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७८ साली ठासून मांडलं की माणूस काम नीट करत नाही याची कारणं बहुधा माणसात कमी आणि त्याच्या भोवतालात जास्त असतात: साधन नाही, माहिती नाही, नीट केल्याचा काही लाभ नाही. एका डाळमिलमध्ये मला मास्क वापरण्याचं प्रशिक्षण द्यायला बोलावलं. चौकशी केली तर मास्क ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर येतात दहाला आणि पाळी सुरू होते सातला. मी म्हटलं, प्रशिक्षण नको, गेटजवळ एक डबा ठेवा. त्या कोर्सचे पैसे मला मिळाले नाहीत. मिळायला नकोच होते. जो सल्लागार अशा ठिकाणी दोन तासांचं व्याख्यान देऊन बिल काढतो तो कामगाराचा आणि या पेशाचाही घात करतो.

आता डी.एड., बी.एड. झालेल्या, किंवा साध्या पदवीच्या पोरापोरींसाठी. या पेशाच्या बहुतेक नोकऱ्या आज पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबादेत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच परदेशी ग्राहकांच्या आहेत. तिथे स्वच्छ, साधं इंग्रजी लिहिता आलंच पाहिजे. मला पहिली दोन वर्षं त्याने रडवलं. रोज एक परिच्छेद लिहून तपासून घेतला तेव्हा जमलं. स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेट ही संगणकावर कोर्स बनवण्याची साधनं महिनाभरात हाताला बसतात, ऑनलाइन वर्ग चालवण्याचं मूडल फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं. शिकायचं असेल तर मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आणि १९७० साली स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटची पदविका नोकरी सांभाळून करता येते. पण क्लासवाले सांगतात तसं प्रमाणपत्राने दार उघडत नाही. दार उघडतं ते केलेलं काम दाखवल्यावर. चुलत्याची डाळमिल असेल, गावची पतसंस्था असेल, दूध संकलन केंद्र असेल, तिथलं एकच काम निवडा. फॅट मोजताना नवखा माणूस कुठे चुकतो? तिथे आठवडाभर उभे राहा, चार मिनिटांचा व्हिडिओ आणि एक पान करा, तीन नवख्यांवर लावून बघा. आणि पहिल्या वेळी काय फसलं ते लिहून ठेवा. मी आता माणसं घेते तेव्हा हे फसलेलं पानच आधी मागते.

पुण्याला जाणाऱ्यांना माझी आडकाठी नाही, मीही गेले होते. मात्र जे इथे राहू पाहतात त्यांच्यासाठी इथे पदं निर्माण व्हायला हवीत, आणि ती आपोआप होणार नाहीत. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आहे. तिच्यात शिक्षणाप्रमाणे सहा, आठ, दहा हजार विद्यावेतन शासन देतं. पोरं येतात. येऊन झेरॉक्स काढतात, खोकी उचलतात, मुदत संपते, घरी जातात. विद्यावेतनाची तरतूद झाली, शिकवणाऱ्याची झाली नाही. ज्या आस्थापनेत दहापेक्षा जास्त शिकाऊ आहेत तिथे शिकवण्याची जबाबदारी असलेला, त्यासाठी पगार घेणारा एक नेमलेला माणूस असलाच पाहिजे, अशी अट शासनाने घालावी. आणि त्या पदाला डी.एड., बी.एड. ही पात्रता धरावी.

आणि आपलं विद्यापीठ. १९९० साली जळगावात ते सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. आसोद्याच्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे जे सुचलं ते ती म्हणत गेली. मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी ते ऐकून कागदावर उतरवलं म्हणून १९५१ मध्ये ती गेल्यानंतरही ते आपल्याकडे राहिलं. उतरवणारं कोणी नसतं तर? बापूंसारखी माणसं दरवर्षी निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलेलं कोणी नाही. ज्या विद्यापीठावर बहिणाबाईंचं नाव आहे त्याने कामातलं ज्ञान उतरवून घेण्याचा आणि शिकवण्याचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम काढावा, असं मला मनापासून वाटतं. सहा महिने वर्गात, सहा महिने कारखान्यात, शेतात, पॅकिंग हाउसमध्ये. अहिराणी, तावडी, पावरी बोलणाऱ्या पोरांना त्यात त्यांची बोली आडवी येणार नाही, उपयोगी पडेल. बापू प्रमाण मराठीत विचारल्यावर गप्प राहिले होते. माझी आजी धुळ्याकडची, तिच्यामुळे मला अहिराणी येते. तिच्या भाषेत विचारलं तेव्हा ते बोलले.

त्या पाइपच्या कारखान्यातलं पान आम्ही लॅमिनेट करून मशीनशेजारी लावलं होतं. तीन महिन्यांनी गेले तर त्यावर कोणीतरी मार्करने, ओबडधोबड अक्षरांत, वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: "रातपाळीत पाणी कमी येते. लाइट आली की पयले टाकी पाहा." म्हणजे पाइप थंड करणाऱ्या पाण्याची टाकी. ते ना बापूंनी सांगितलं होतं, ना मी विचारलं होतं; बापू दिवसपाळीतच जास्त असतात आणि मी होते त्या चार रात्री पाणी भरपूर होतं. सुपरवायझर पान खराब केलं म्हणून चिडले होते. मी लिहिणाऱ्याला शोधलं. सात महिन्यांचा हेल्पर होता, अमळनेरकडचा, बारावीनंतर शिक्षण सुटलेला. आम्ही पान नव्याने छापलं. त्याची ओळ पहिल्या क्रमांकावर घेतली, त्याच्याच शब्दांत.